दोनशेचाळीस की तीनशेसाठ

माझा कॉम्प्युटर तापायचा आणि त्यामुळे माझ्या सासऱ्यांचं फिरणं बंद पडलं होतं. या दोन गोष्टींचा संबंध सांगायला गेलं की ऐकणारा आधी हसायचा. मला अजिबात हसू येत नव्हतं.

मी घरी बसून बिल्डरांसाठी चित्रं करते. इमारत उभी राहायच्या आधीच तिच्यातला हॉल कसा दिसेल, गॅलरीत सकाळचं ऊन कुठवर येईल, हे कॉम्प्युटरवर असं रंगवून द्यायचं की बघणाऱ्याला फोटोच वाटला पाहिजे. माझ्या चित्रांतल्या खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत असतात. पडदे पांढरे असतात आणि सोफ्यावर कुणाचा ओला टॉवेल पडलेला नसतो. ही सगळी ऐसपैस घरं मी विरार पश्चिमेच्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये बसून करते, खुर्चीची पाठ बाबांच्या पलंगाला टेकवून. खुर्ची मागे सरकवली की पलंग हलतो आणि पलंग हलला की बाबा उठतात.

बाबा म्हणजे माझे सासरे. मूळचे अर्नाळ्याचे, सगळा जन्म समुद्रावर गेलेला, स्वतःची होडी असलेले. सासूबाई गेल्या, होडी विकली आणि ते आमच्याकडे राहायला आले. फ्लॅटचं फर्निचर चाललं होतं तेव्हा सुताराच्या मागे उभं राहून त्यांनी प्रत्येक कप्प्याला बिजागरीचं शटर लावून घेतलं. उघडी फळी म्हणून त्यांना खपायची नाही. अर्नाळ्याच्या घरात खाऱ्या हवेनं दोन रेडिओ आणि एक टीव्ही खाल्ला होता. तेव्हापासून यंत्र म्हटलं की ते आधी कपाटात घालायचं, कपाटाचं दार लावायचं आणि वर जमलं तर एक फडकं टाकायचं, हा त्या घरचा नियम होता. सासूबाई मिक्सरलासुद्धा जुन्या लुगड्याची टोपी शिवायच्या. मी वाडीतल्या घरातून आलेली, आमच्याकडे खिडकीला कडीसुद्धा कुणी लावत नसे. पण लग्न होऊन बरीच वर्षं झाली की दुसऱ्यांच्या सवयी कधी आपल्या झाल्या ते कळत नाही. माझा मॉनिटर वरच्या फळीवर होता आणि मशीन खालच्या कप्प्यात, शटरच्या आत. सुरू केलं की मी न चुकता शटर लावायची. धूळ नको, खारं नको, आवाज नको.

काही वर्षांनी बाबांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग मी कोण. समुद्र मात्र विसरले नाहीत. ऊन उतरलं की दाराशी जाऊन उभे राहायचे. “चल ना गो. भरती झाली.” मी हातातलं काम ठेवून त्यांना फिरवून आणायची. कधी रिक्षानं थेट अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, बहुतेक वेळा नुसतं रस्त्याच्या वळणापर्यंत, जिथून समुद्र काही दिसत नाही. तेवढ्यानंही त्यांचं भागायचं. परत येऊन गुपचूप जेवायचे आणि झोपायचे. ज्या दिवशी फिरणं चुकलं त्या दिवशी दार बडवायचे, ताट सारून द्यायचे, मला चोर म्हणायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे होत नव्हतं ते त्या फिरण्यानं होत होतं.

मग मला एक मोठं काम मिळालं. नुसती चित्रं नाहीत, एका अख्ख्या संकुलाची फिल्म: गेटमधून आत जायचं, बागेतून वळायचं, लिफ्टनं वर, फ्लॅटमध्ये, गॅलरीत. बिल्डर म्हणाला होता, हे नीट झालं तर पुढची कामंही तुमच्याकडेच. इतकी वर्षं एकेका चित्रासाठी फोनची वाट बघणाऱ्या बाईला हे वाक्य किती गोड लागतं, ते मीच जाणे.

पण अशी फिल्म तयार करताना मशीनला तासन्‌तास जीव तोडून राबावं लागतं आणि माझं मशीन मध्येच बंद पडायला लागलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसायचा. तो नव्वदच्या पुढे चढत जायचा आणि मग फट्‌कन अंधार. अर्ध्या दिवसाचं काम पाण्यात. त्यावर उपाय एकच होता: समोर बसून राहायचं, आकडा चढला की काम थांबवायचं, मशीन जरा निवलं की पुन्हा चालू करायचं. तान्ह्या पोराला तरी झोप लागते. याला ती सोय नव्हती.

म्हणजे संध्याकाळी मी खुर्चीत अडकलेली आणि बाबा दाराशी. “चल ना गो.” “थांबा बाबा, थोडं बसा.” “भरती झाली.” “थांबा बाबा, थोडं बसा.” हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याला हिशोब नाही. शेवटी शेवटी मान न वळवता म्हणायची.

एकदा ते न थांबता निघून गेले. मी आकड्याकडे बघत बसले होते, कडी निघाल्याचं कळलंसुद्धा नाही. आगाशीच्या रस्त्याला एका भाजीवालीनं त्यांना बसवून ठेवलं, म्हणून सापडले. त्या दिवसापासून मी आतून कुलूप लावायला लागले आणि किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवायला लागले. मला कुणी नावं ठेवू नयेत. ज्यांना ठेवायची आहेत त्यांनी एक संध्याकाळ येऊन बसावं.

दाराला कुलूप आलं तसे बाबा खिडकीशी गेले. ग्रिलला धरून खालच्या माणसांना हाका मारायला लागले. “कुलूप काडा रे. मना बाहेर काडा.” येणारेजाणारे मान वर करून बघायचे. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा वर येऊन गेले, फार सभ्यपणे बोलले आणि त्या सभ्यपणानं माझ्या अंगाची लाही झाली. मग खिडक्याही बंद. सरकत्या काचा ओढून घेतल्या आणि वरून खिट्टी घातली. पंखा गरम हवाच इकडून तिकडे फिरवायचा. आत बाबा, मी आणि ते मशीन. तिघंही कोंडलेले आणि तिघंही तापलेले.

माझा नवरा बोईसरला कंपनीत शिफ्टला जातो. घरी येतो तेव्हा त्याच्यात बोलायचंही त्राण नसतं. तरी एका रविवारी त्यानं विषय काढला. “एकतर तू हे काम सोड. नाहीतर बाबांना कुठेतरी ठेवावं लागेल. एक जागा बघून आलोय मी.” त्यानं आवाज चढवला नाही. बाबा शेजारीच पलंगावर बसून चहात पाव बुडवत होते. मी म्हटलं, मला महिनाभर दे. मशीनसमोर बसायची गरज उरली नाही, तर मी बाबांना रोज बाहेर नेईन, आणि बाहेर गेले की ते बरे असतात हे तुलाही माहीत आहे. तो म्हणाला, बघ.

माझ्या डोक्यात गणित अगदी सरळ होतं. चांगला कूलर बसवायचा म्हणजे मशीन तापणार नाही. मशीन तापलं नाही तर ते एकटं सोडता येईल. ते एकटं सोडता आलं तर कुलूप निघेल.

नालासोपाऱ्यात एका दुकानदाराकडून मी हे मशीन जोडून घेतलं होतं. मशीन रिक्षात घालून त्याच्याकडे नेलं. त्यानं ते टेबलावर ठेवून चालू केलं, माझंच काम त्याच्यावर लावलं आणि आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो. आकडा शहाण्यासारखा खाली. डॉक्टरसमोर गेलं की ताप उतरणाऱ्या पोरासारखं माझं मशीन तिथं एकदम गुणी झालं. “मॅडम, प्रॉब्लेम काही दिसत नाही,” तो म्हणाला, “पण तुमचं काम हेवी आहे ना, लिक्विड कूलर टाकून घ्या. तीनशेसाठचा. डोळे झाकून घ्या.”

लिक्विड कूलर म्हणजे गाडीच्या रेडिएटरचं धाकटं भावंड. प्रोसेसरच्या डोक्यावर एक छोटा पंप बसतो. त्यातलं पाणी नळ्यांतून रेडिएटरकडे जातं, तिथं पंखे ते थंड करतात आणि ते परत येतं. रेडिएटरवर एकशेवीस मिलिमीटरचे दोन पंखे असतील तर तो दोनशेचाळीसचा, तीन असतील तर तीनशेसाठचा. मोठा घेतला तर जास्त थंड, हे तर कुणीही सांगेल. पण मी डोळे झाकले नाहीत, टेप घेतली. मापं काढणं हा माझा धंदा आहे. मशीनच्या डब्यात वरच्या बाजूला आतून आतून तीनशेसाठ बसून वर बोटभर जागा उरत होती. मी ऑर्डर दिली.

आला तेव्हा तो बसेना. तीन पंख्यांचे तीनशेसाठ झाले, पण रेडिएटरच्या दोन्ही टोकांना पाणी वळवायला छोट्या टाक्या असतात, त्यांची लांबी त्या आकड्यात धरलेलीच नाही. तीनशेसाठ हे त्याचं नाव होतं, माप नव्हे. कार्पेट एरिया आणि बिल्टअपमधला फरक दिवसभर बिल्डरांच्या तोंडून ऐकणारी मी, मला हे कळू नये? दुकानदार म्हणाला, मोठा डबा घ्या. मोठा डबा माझ्या कप्प्यात शिरणार नव्हता. कप्पा मोठा करायचा तर बाबांचा पलंग हलवायचा आणि पलंग हलवायला त्या हॉलमध्ये एक वीतही उरलेली नव्हती. त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले. कूलरसाठी नाही. काहीही बदलायला गेलं की ते दुसऱ्या कशाला तरी अडतं आणि शेवटी सगळं त्या एका खोलीला येऊन अडतं, म्हणून रडले. घरी बाबांजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या आणि त्यांचाही फोन येत होता, लवकर ये.

तीनशेसाठ परत दिला, दोनशेचाळीस घेतला. तो नीट बसला. दुकानात चालवून बघितला, आकडा पासष्टच्या आसपास. मशीन रिक्षात आडवं ठेवून घरी आणलं, कप्प्यात सरकवलं, शटर लावलं. अर्धा तास आकडा वर सरकेना. मी आनंदानं बाबांच्या पायात चपला घातल्या. “चला, भरती झाली.” ते माझ्याकडे बघून हसले. आम्ही रस्त्याच्या वळणापर्यंत गेलो, तिथल्या बाकावर बसलो. परत आलो तर स्क्रीनवर अंधार.

पाण्याला तापायला वेळ लागतो, एवढाच काय तो फरक पडला होता. आधी जे लवकर व्हायचं ते आता उशिरा होत होतं. मी कपाळाला हात लावला नाही की काही नाही. खुर्चीत बसले, काम पुन्हा लावलं आणि तांदळाच्या डब्यात किल्ली टाकली. नवऱ्याला फोन केला नाही. तो ती जागा पुन्हा बघायला जाईल अशी भीती वाटली.

मशीनमधून त्या दिवसांत एक आवाज यायचा, गुळगुळ, गुळगुळ. आडवं आणल्यामुळे नळ्यांत बुडबुडे फिरत होते. दुकानदार म्हणाला होता, जाईल आपोआप.

एका दुपारी काम लावून मी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होते. हॉलमधून शटर आपटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर बाबा कप्प्यासमोर गुडघ्यांवर बसलेले, शटर सताड उघडं, एक हात मशीनवर ठेवलेला आणि दुसऱ्या हातात आंघोळीचा मग.

“पानी शिरतंय,” ते म्हणाले. “आयकतंस ना? पानी भरतंय. उपसाया पायजे.”

हातातला मग कोरडा होता, देवाची कृपा. मी माशाच्याच हातानं तो काढून घेतला आणि शटर लावायला गेले. त्यांनी मधे पाय घातला. मी पुन्हा ओढलं, त्यांनी पुन्हा पाय घातला. माझ्या अंगात वाद घालायची ताकद नव्हती. राहू दे उघडं, म्हटलं, निदान दार तर बडवत नाहीत. ते जमिनीवर बसून राहिले, शटरला पाठ लावून, कान मशीनकडे देऊन. मधूनच बोट वर करून मला गप्प करायचे. किती महिन्यांनी त्यांना कुणीतरी काहीतरी काम दिलं होतं.

मी बोंबील संपवले, हात धुतले, भात टाकला. आता अंधार झालाच असेल म्हणून स्क्रीनकडे बघितलं. काम चालू होतं. आकडा बाहत्तर. मी तिथंच उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. बाहत्तर, एकाहत्तर, बाहत्तर.

मग मी वाकून कप्प्यात हात घातला आणि मला सगळं एकदम कळलं. कप्प्याचं छत तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. दोनशेचाळीस काय, तीनशेसाठ काय, दारं लावलेल्या पेटीत आपलीच फेकलेली गरम हवा परत ओढून कुणी थंड होत नसतं. दुकानदाराच्या टेबलाला शटर नव्हतं, म्हणून तिथं ते गुणी होतं. आणि मी घरी आणून दर वेळी पहिली गोष्ट काय करायची, तर शटर लावायची. मला माझाच इतका राग आला की मी मोठ्यानं हसले. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

तेव्हा मी त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, कपाळावरून घाम गळत होता. कपाटात कोंडलेली सगळी गरम हवा आता त्यांच्या तोंडावर येत होती. कूलर उष्णता संपवत नाही, उचलून दुसरीकडे टाकतो, आणि आमच्या त्या बंद खोलीत दुसरीकडे म्हणजे बाबाच होते. मी खिडकीची खिट्टी काढली, काचा दोन्हीकडे सारल्या. सेक्रेटरी येतो तर येऊ दे. वारा आत आला, खारा. बाबा खिडकीशी गेले नाहीत. मशीनपाशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते शटर बिजागऱ्यांसकट काढलं आणि पलंगाखाली सारलं. बाबा बघत होते. खारं लागेल, असं काहीतरी म्हणतील असं वाटलं होतं. ते उघड्या कप्प्यासमोर येऊन बसले.

त्या संध्याकाळी फिल्मचा सगळ्यात जड भाग लावला, गॅलरीतला. खिडकी उघडी ठेवली. किल्ली तांदळातून काढून झटकली. बाबांना बाहेर घेतलं, मग दार ओढून बाहेरून कुलूप घातलं. आत माणूस नसताना ते कुलूप लागत होतं, याचंच मला अप्रूप वाटलं. रिक्षावाल्याला म्हटलं, अर्नाळा, किनाऱ्यापर्यंत.

होड्या ओहोटीत कलंडून पडल्या होत्या. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते, समोर किल्ला. मी बाबांना एका जुन्या ओंडक्यावर बसवलं आणि शेजारी बसले. इतक्या महिन्यांनी पाठीमागे भिंत नव्हती, पलंग नव्हता, समोर आकडा नव्हता. मी चपला काढल्या. मला वाटलं होतं, ते आता बोलायला लागतील, ही कुणाची होडी, ती कुणाची. ते समुद्राकडे बघत होते, पण आपण कुणाच्या तरी ओटीवर पाहुणे आल्यासारखे. हात मांडीवर, अंग आखडलेलं. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं.

“चल ना गो. घरा चल.”

“का हो बाबा?”

“पानी भरलं असंल. कोन नाय तिथं.”

ते उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. ते पुन्हा ओढणी ओढायला लागले, दाराची कडी ओढायचे तशी. त्यांना समुद्र नको होता. त्यांना ते मशीन हवं होतं, तो गुळगुळ आवाज, ती राखण. फिरणं म्हणजे त्यांची सुटका, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं, स्वतःलाही सांगितलं होतं, आणि आता त्या वाळूत बसून मला कळत होतं की घरातून बाहेर पडायचं होतं ते मला.

“घरा चल गो,” ते म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

घरी काम आपलं आपण चाललं होतं. मी जायची काही गरज नव्हती आणि मला जायचंही नव्हतं. मी समुद्राकडेच बघत राहिले, मान वळवली नाही.

“थांबा बाबा,” मी म्हटलं. “थोडं बसा.”